रात्रीच्या पाण्याची परवानगी

मालवण
१४ ऑक्टोबर १९७२

अण्णा,

नमस्कार करते आणि लगेच तक्रारीला बसते, कारण इथं माझं ऐकून घेणारं कुणी नाही.

तुम्हाला सगळ्यांना वाटत असेल, नीलगंगा समुद्रात मजेत पोहतेय. म्हणून आधी माझं काम काय ते नीट सांगते. आमचं संशोधन केंद्र लहानसं आहे, बंदराच्या वरच्या अंगाला. मला दिलेला विषय शेवंड. शेवंड म्हणजे हातभर मिशांचा, काटेरी पाठीचा मोठा झिंगाच म्हण. आपल्या शाकाहारी घरात नुसतं नाव काढलं तरी अव्वा अंगावर पाणी घेईल, तेव्हा तिला सांगू नकोस. हा प्राणी दिवसभर खडकाच्या कपारीत बसून राहतो. काय खातो, कुणाशी भांडतो, किती लांब जातो, हे सगळं तो रात्री करतो. म्हणजे मला जे बघायचं ते रात्रीच दिसणार.

त्यासाठी पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून पाण्याखाली जायचं शिक्षण आम्ही घेतलं. शिकवणारे परुळेकर मास्तर नौदलात पाणबुडे होते, आता निवृत्त होऊन गावी आलेत. किल्ल्याच्या आडोशाला त्यांनी आम्हाला महिनाभर पिळून काढलं. डोळ्यांवरच्या मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घ्यायचं आणि नाकातून हवा सोडून ते काढायचं. तोंडातली हवेची नळी काढून टाकायची, चाचपडत परत शोधायची. आणि वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही, सोडत सोडत यायचं, नाहीतर छातीतली हवा फुगून फुप्फुस फाटतं. मास्तर म्हणाले, या तुकडीत माझ्याइतकं शांत डोकं कुणाचं नाही. दिवसा मी आता बिनघोर जाते.

पण रात्री नाही. संचालकांनी नियम काढलाय की मुलींना रात्री उतरायचं तर वडिलांची लेखी संमती हवी. केंद्रात मुलगी मी एकटीच, म्हणजे हा नियम माझ्यासाठीच. माझ्याबरोबरच्या देवस्थळीला मास्कमधलं पाणी अजून धड काढता येत नाही, पण त्याला कुणाची संमती लागत नाही. माझ्यासाठी रात्री तो जातो. वर आल्यावर मी विचारते, काय दिसलं? तो म्हणतो, शेवंड हिंडत होते. कुठं, काय खात होते, एकटे की जोडीनं? तो म्हणतो, अंधार होता.

अण्णा, अप्पांकडून चार ओळी लिहून घे. मी विचारलं तर ते पत्र खिशात घालून दुकानात जातील. तू समोर बसून विचार.

नीला


सोलापूर
५ नोव्हेंबर १९७२

नीला,

तुला घरादाराचे आशीर्वाद, आणि मी कान पिळलाय असं समज. तुझं पत्र अव्वानं कोनाड्यात ठेवलं होतं, मी रविवारी घरी आलो तेव्हा हातात पडलं.

माझी बदली दुष्काळी कामावर झालीय. मंगळवेढ्याच्या बाजूला पाझर तलाव बांधतोय. तलाव म्हणजे अजून नुसता मातीचा बांध, आत धूळ. ओव्हरसियर म्हणून माझं काम एवढंच, की पाटी टाकायला आलेल्या माणसांनी टाकलेल्या मातीची मापं घ्यायची आणि दुपारी टँकर का आला नाही याची उत्तरं द्यायची. दोन्हीत मी नापास.

तुझं पत्र मी साइटवर परत वाचत होतो. तिथं मायाक्का म्हणून एक बाई आहे, बायकांच्या टोळीची म्होरकी. तिनं विचारलं, कुणाचं पत्र? मी म्हणालो, बहिणीचं, ती समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघते. तिला ते खोटं वाटलं नाही, उलट ती लगेच म्हणाली, "मग इचारा की सायेब, रातच्याला मासं झोपत्यात का?" तेवढं कळव. रोज विचारतेय.

आता तुझं काम. अप्पांना मी सांगितलं. ते विचार करतायत. दुकानात सध्या गिऱ्हाईक नाही, माणसं लुगडी कुठून घेणार, त्यामुळे त्यांचं चित्त थाऱ्यावर नसतं. अप्पा विचार करतायत, तू घाई करू नकोस. आणि अक्कलकोटचं एक स्थळ आलंय. मुलगा वकिलीला लागलाय, माणसं बरी वाटतात. तुझा एक फोटो पाठव. तोंडात नळी नसलेला.

विरुपाक्ष


मालवण
२४ नोव्हेंबर १९७२

अण्णा,

फोटो पाठवत नाही. नळीचा आहे, तो चालत असेल तर सांग.

आधी मायाक्काबाईंचं उत्तर. मासे झोपतात, पण त्यांना पापण्या नसतात, म्हणून डोळे उघडे ठेवून झोपतात. काही खडकाला टेकून, काही वाळूत अर्धे पुरून घेऊन. पोपटमासा म्हणून एक हिरवानिळा मासा आहे, त्यातले काही झोपताना तोंडातून चिकट लाळ सोडून स्वतःभोवती मच्छरदाणीसारखी पिशवी करतात आणि तिच्यात निजतात. हे मी पुस्तकात वाचलंय. बघितलेलं नाही. कारण ते रात्री दिसतं.

अप्पा विचार करतायत म्हणे. अण्णा, अप्पा गिऱ्हाईक पायरीवर असतानाच ओळखतात की हे घेणारं आहे की नुसतं घड्या मोडणारं. त्यांना एका सहीसाठी इतके दिवस विचार करताना मी कधी बघितलं नाही. तू काहीतरी लपवतोयस किंवा तू विचारलंच नाहीस. दोन्हीपैकी काय ते सांग.

परवा देवस्थळी उतरला तेव्हा मी होडीत बसून होते. त्याचा दिवा पाण्याखालून हिरवट दिसतो. तो उजेड खडकाकडे गेला, मग भलतीकडेच वळला, मग एका जागी थांबला. जिथं मी दिवसा बघून ठेवलेली शेवंडांची कपार आहे तिथं तो गेलाच नाही. मी वरून ओरडून काय उपयोग? तासाभरानं वर आला तो एक शेवंड पोत्यात घालून. मेलेला. म्हणाला, घे तुझा नमुना. मेलेलेच हवे असते तर मी बाजारात गेले असते.

चहूकडे पाणी आणि मी एकटी कोरडी. याहून जास्त काय लिहू?

नीला


मु. मंगळवेढा
१५ डिसेंबर १९७२

नीला,

हे पत्र रागात लिहितोय, तेव्हा रागातलं समजूनच वाच.

तुझं "चहूकडे पाणी आणि मी एकटी कोरडी" मी बांधावर उभा राहून वाचलं. त्या दिवशी टँकर आला नव्हता. आदल्या दिवशीही नव्हता. माणसं रेशनवरच्या अमेरिकन मिलो ज्वारीची लाल भाकरी खाऊन पाटी उचलत होती आणि घोटभर पाण्यासाठी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी वर कळवलं, वरून उत्तर आलं की टँकर निघालाय. तो कुठून निघालाय, कुठं चाललाय, देव जाणे. अशा वेळी बहिणीचं पत्र येतं की तिला फार पाणी आहे पण रात्रीचं मिळत नाही. मी ते चुरगाळून खिशात घातलं.

आता तुला खरं काय ते हवंय ना? ऐक. अप्पांना मी पहिल्याच संध्याकाळी विचारलं होतं. विचार वगैरे काही नाही. त्यांनी गादीवरून न उठता सांगितलं, "न्हाय." मी जरा जोर धरला तेव्हा म्हणाले, "दिवसा उतरती ते मी तिला इचारलं न्हाय, तिनं मला इचारलं न्हाय. पण रात्रीचं माझ्या सहीनं उतरली आणि वर आली न्हाय, तर मी ती सही घेऊन कुटं जाऊ?" त्यावर अव्वा रडायला लागली आणि मी बाहेर आलो.

हे तुला कळवलं नाही, कारण तुझं तोंड पडलेलं मला बघवत नाही, पत्रातसुद्धा. ते माझं चुकलं असेल. पण तू मलाच लबाड ठरवून मोकळी झालीस. इकडे अप्पा म्हणतात तूच तिला लाडावून ठेवलंस. मी दोन्हीकडून बोलणी खातोय. आता मला यात ओढू नकोस. दुसरा एखादा विषय घे की. दिवसा हिंडणारे प्राणी समुद्रात नाहीत का?

विरुपाक्ष


सोलापूर
२१ जानेवारी १९७३

नीला,

महिना होऊन गेला, तुझं पत्र नाही. संक्रांतीलाही नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत अव्वा बांगड्यांच्या दुकानापाशी उभी राहिली आणि न घेताच पुढे गेली.

मी मागं जे लिहिलं ते टँकरवरचं होतं, तुझ्यावर निघालं.

गेल्या आठवड्यात कुंभारीच्या शेतावर गेलो होतो. आपली विहीर पार आटली, गाळ काढायचा होता. गड्यांबरोबर मीही आत उतरलो. तळाशी उभं राहून वर बघितलं तर आभाळ परातीएवढं. जिथं मी उभा होतो तिथं पूर्वी दोन पुरुष पाणी असायचं. तुझ्या पाठीला भोपळा बांधून मी तुला तिथंच शिकवलं. मग एक दिवस भोपळा सोडला आणि पायरीवरून सरळ ढकलून दिलं. तू खाली गेलीस, लवकर वर येईनास. अप्पा काठावरून मला शिव्या देत होते. आणि तू भलत्याच कोपऱ्यात वर आलीस आणि म्हणालीस, खाली गार आहे, परत जाऊ का?

गाळात पाय रुतवून मी हेच आठवत होतो. तुला पाण्यात ढकलताना मी कुणाची सही घेतली नव्हती. आता तू स्वतःहून चाललीस तर मी कागद अडवून धरतोय.

सोबत संमती जोडलीय. वडील भाऊ या नात्यानं माझी सही आहे. तुमच्या संचालकांना चालली तर बघ. अप्पांना सांगितलेलं नाही. सांगेन. कधी ते विचारू नकोस.

मायाक्कानं तुझं उत्तर साऱ्या टोळीला सांगितलं. मच्छरदाणीत झोपणारा मासा ऐकून बायका हसून हसून खाली बसल्या. त्या दिवशी मापं कमी भरली, मी पूर्ण लिहिली.

जपून उतर.

अण्णा


मालवण
८ फेब्रुवारी १९७३

अण्णा,

तुझी सही चालली. संचालकांनी कागद उलटसुलट करून बघितला, वडील कुठं आहेत विचारलं, मी म्हणाले वडील भाऊच सगळं बघतात. खोटं बोलले, पण तू आधी बोलला होतास, म्हणून फिट्टंफाट.

मी मुद्दाम पत्र लिहिलं नव्हतं. लिहायला बसले की भांडण निघायचं. ते आता राहू दे.

अमावास्येनंतर दुसऱ्या रात्री आम्ही उतरलो, मास्तर आणि मी. तुला सगळं सांगायचंय आणि कागद पुरणार नाही.

आधी भीती. ती वाटली. दिवसा खालचा तळ दिसतो, रात्री होडीच्या काठावरून बघितलं तर शाईच. मास्तरांनी मनगटाला दोरी बांधली, तिचं दुसरं टोक त्यांच्या मनगटाला, आणि दोघं मागच्या मागं पडलो. मग दिव्याचा एक गोल, आणि त्या गोलात जे येईल तेवढंच जग. स्वतःच्या श्वासाचा खळखळाट सोडला तर आवाज नाही.

पोपटमासा दिसला, अण्णा. खडकाच्या फटीत, त्या पिशवीत. मायाक्काबाईंना सांग, खरंच मच्छरदाणी आहे, आणि तिच्यावर वाळूचे कण बसलेले असतात. एक माकुल आलं, दहा हातांचं, अंगावर पट्टे उठवत आणि पुसत. मी बोट पुढं केलं तर पांढरं फटक पडलं आणि निघून गेलं. दिवसा ज्या खडकावर काहीच नसतं तिथं रात्री बाजार भरलेला.

पण शेवंड नव्हते. माझी कपार रिकामी. मी दिवा इकडेतिकडे फिरवला, एकही नाही. मला तिथल्या तिथं रडू आलं. मास्कमध्ये रडता येत नाही, काच धुरकट होते. इतके महिने ज्यासाठी सगळ्यांशी भांडले ते बघायला आले आणि तिथं कुणी नाही. त्यात दिव्यात पाणी शिरलं. हे दिवे आमच्याकडे नेहमी गळतात, कुणी दुरुस्त करत नाही. एकदा लुकलुकला आणि गेला. मास्तरांनीही आपला दिवा झाकला, का ते मला कळेना. त्यांनी माझा हात दाबला, म्हणजे थांब.

थांबले. आणि मग दिसलं. या दिवसांत इथलं पाणी हलवलं की निळसर चमकतं, पाण्यातल्या अतिसूक्ष्म जीवांमुळे. त्या काळोखात आधी दोन चमकत्या रेघा कपारीतून बाहेर आल्या. मिशा. त्या हलतील तसं पाणी उजळायचं. मग आणखी दोन, मग सगळीकडेच. शेवंड तिथंच होते. ते दिव्याला भिऊन आत बसत होते. देवस्थळी ‘हिंडत होते’ म्हणायचा ते नुसतं ठोकून देत होता, हे आत्ता कळलं.

एक अगदी माझ्या गुडघ्यापाशी येऊन कालवं फोडत बसला. दुसरा त्याच्यावर चाल करून गेला. मग कुठूनतरी करकर असा आवाज आला, दार करकरावं तसा, आणि सगळ्या रेघा एका क्षणात विझल्या. बहुतेक त्यांच्यातल्या कुणाला ऑक्टोपसनं धरलं असावं. शेवंड मिशांच्या बुडाशी घासून आवाज करतो हे ठाऊक होतं. पण तो ऐकून बाकीचे लपतात की काय, हे मला आता शोधायचंय. त्यासाठी पुन्हा पुन्हा उतरावं लागेल, दिव्याशिवाय.

वर आले तेव्हा दात वाजत होते. मास्तरांनी चहा दिला आणि म्हणाले, दिवा गेल्यावर तू हात सोडवून घेतला नाहीस, यातच सगळं आलं.

अण्णा, तुझी सही वाया गेली नाही.

नीला


मालवण
९ मार्च १९७३

अण्णा,

मी ठीक आहे. हे आधी लिहिते, मग पुढचं वाच.

या अमावास्येला आम्ही परत उतरलो होतो. परत येताना मास्तरांना खडकावर अडकलेलं जुनं तुटकं जाळं दिसलं आणि त्यात एक कासव. अजून जिवंत होतं, पण धडपड मंदावली होती. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं, तेव्हा आणखी थोडा वेळ गेला असता तर ते बुडून मेलं असतं. मास्तरांनी सुरी काढली आणि दोऱ्या कापायला लागले. मी उजेड धरला. शेवटची दोरी तुटली तसं कासव आमच्या दोघांच्या मधून सुसाट गेलं.

मास्तरांच्या सिलिंडरला एक कळ असते. हवा संपत आली की श्वास जड होतो, मग ती कळ ओढायची, म्हणजे राखून ठेवलेली थोडी हवा मिळते आणि वर यायचं. जाळ्यात अडकून ती कळ केव्हाच ओढली गेली होती. त्यामुळे त्यांना इशारा मिळालाच नाही. राखीव हवाही संपली. ते माझ्याकडे वळले आणि गळ्यावर हात आडवा फिरवला.

मी छाती भरून श्वास घेतला, माझ्या तोंडातली नळी काढली आणि त्यांच्या हातात दिली. हे आम्हाला शिकवलेलं होतं. दोन श्वास त्यांनी घ्यायचे, दोन मी, आणि एकमेकांना धरून हळूहळू वर. दिवसा, किल्ल्याच्या आडोशाला, ते खेळ वाटायचं. पहिल्या वेळेला त्यांनी नळी परत दिली. दुसऱ्या वेळेला जरा उशीर केला. अण्णा, तेवढ्या वेळात माझ्या मनात आलं की हे देणार नाहीत. माझा हात नळी हिसकावायला उठलासुद्धा होता. तेवढ्यात त्यांनी ती माझ्या ओठांना लावली. वर येईपर्यंत असंच चाललं. होडीला धरून दोघंही धापा टाकत राहिलो. मग मास्तर म्हणाले, कासव मात्र वाचलं.

आता केंद्राचं ऐक. संचालकांनी सगळ्यांना बोलावलं. मास्तरांनी जे घडलं ते तसंच सांगितलं. तरी लिहिलं गेलं ते असं: महिला सहकाऱ्याच्या जबाबदारीमुळे प्रशिक्षकांचे लक्ष विचलित झाले. माझं रात्रीचं उतरणं बंद. देवस्थळीचं चालू. मी विचारलं, माझी चूक कोणती? ते म्हणाले, चूक नाही, तुमच्या घरच्यांच्या काळजीचा मान ठेवायला हवा. भावाची सही मुळात धरायलाच नको होती म्हणे. त्यांनी अप्पांना पत्र टाकलंय. तुझ्या हाती आधी हे पडावं म्हणून घाईनं लिहितेय.

एका माणसाला मी वर घेऊन आले, अण्णा, आणि त्याची मला शिक्षा झाली. मला राग इतका आलाय की भूक लागत नाही.

नीला


सोलापूर
१७ मार्च १९७३

नीला,

तुझं पत्र एक दिवस उशिरा आलं. त्यांचं आधी आलं, दुकानात. मी साइटवर होतो. अप्पांनी शेजारच्या मल्लप्पा मास्तरांकडून ते वाचून घेतलं, कारण इंग्रजीत होतं. म्हणजे "अपघात" हा शब्द त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकला, आणि माझी सही आहे हेही.

मी घरी पोचलो तेव्हा ते जेवत होते. हात धुतला, उठले आणि आत गेले. माझ्याशी बोलले नाहीत, शिवी नाही, काही नाही. अव्वानं सांगितलं की तू सुखरूप आहेस एवढंच त्यांनी तिला सांगितलं आणि उरलेलं पत्र खिशात ठेवलं. मी तुझं पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते तिथं नव्हतं. वाचलं की फेकलं, ठाऊक नाही.

आज पहाटे ते कोल्हापूरच्या गाडीत बसले. तिथून मालवणला येणार. अव्वाकडून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घेतली, बाहेरचं काही खाणार नाहीत. मी स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा एकच वाक्य बोलले, "पोरीला आणाया चाललोय."

मी त्यांना अडवू शकलो नाही. तू आता जे बोलायचं ते त्यांच्याशी बोल. मी मध्ये राहून दोघांचंही बिघडवलं असं वाटतंय.

अण्णा


मालवण
३० मार्च १९७३

अण्णा,

अप्पा काल निघाले. एकटे. तुझ्याकडे पोचतील त्यानंतर हे पत्र पोचेल, पण ते स्वतः काही सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.

आले ते घामानं थबथबलेले, छत्री काखेत. मला नखशिखांत बघितलं, हातपाय शाबूत आहेत का ते, आणि म्हणाले सामान बांध. मी म्हणाले, अप्पा, आधी पाणी प्या. त्यांना बंदरावर आणलं, कारण खोलीत बसून आम्ही भांडलो असतो. त्यांनी समुद्र कधी बघितला नव्हता. मासे सुकत घातले होते म्हणून नाकाला उपरणं लावून ते धक्क्यावर उभे राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "एवढं पाणी." आणि थोड्या वेळानं, रागानंच, "आणि ह्यातला एक घोट प्याया चालत न्हाय."

मास्तर तिथं आले. मी बोलावलं नव्हतं. त्यांनी अप्पांना नमस्कार केला आणि म्हणाले, तुमच्या मुलीनं मला स्वतःची हवा दिली. अप्पांना ते नीट कळेना. त्यांनी खोदून खोदून विचारलं. नळी एकच? व्हय. आणि ती तोंडातली काढून दिली? व्हय. मग हिच्या तोंडात काय राहिलं? मास्तर म्हणाले, काही नाही. अप्पा माझ्याकडे वळले आणि विचारलं, ह्यांनी परत दिली नसती तर? मी खोटं बोलले नाही. म्हणाले, माझ्याही मनात तेच आलं होतं. ते तिथंच धक्क्यावर खाली बसले. मास्तरांनाही बसायला सांगितलं आणि भाकरीचं फडकं सोडलं. तिघांनी चटणीभाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ते संचालकांकडे गेले. मला बाहेर थांबायला सांगितलं, पण दार उघडंच होतं. संचालकांनी खुर्ची दिली, गोड बोलले. म्हणाले, तुमच्यासारख्या वडिलांची काळजी आम्ही समजतो, तुमच्या हरकतीमुळेच आम्ही तिला रात्री बंदी केलीय.

अप्पा म्हणाले, "माझी हरकत हाय. ती मी माझ्या घरात, माझ्या पोरीला सांगीन. तुमची काय हरकत हाय ती तुमच्या नावानं लिवा."

संचालक म्हणाले, आमची तशी हरकत नाही, पण समाज, जबाबदारी, उद्या काही झालं तर. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काही झालं तवा तुमचा माणूस माझ्या पोरीनं वर आणला. ते तुमच्या कागदात कुटं लिवलंय?"

संचालक टेबलावरचे कागद चाळायला लागले. मी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होते.

आठवडाभरानं नवीन आदेश लागला. शिकून तयार झालेल्या कुणालाही रात्री जोडीनं उतरता येईल, संमतीची अट काढली. मास्तरांबद्दलचं ते वाक्य मात्र तसंच आहे, आणि हवा भरायचं यंत्र बिघडून गोव्याला गेलंय, ते कधी येईल सांगता येत नाही. म्हणजे परवानगी आहे आणि हवा नाही. तुझ्या टँकरसारखंच. पुढं पाणी गढूळ होईल, मग पावसाळा. खरं काम ऑक्टोबरातच.

स्टँडवर मी अप्पांच्या पाया पडले. ते म्हणाले, "मला पटलेलं न्हाय. माझी सही मागू नको." मी म्हणाले, आता लागत नाही. ते म्हणाले, "लागत न्हाय ते बरं झालं." आणि खिडकीतून दुसरीकडे बघत बसले. गाडी सुटेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

ते तुझ्याशी बोलायला लागले का? कळव.

नीला


॥ श्री सिद्धेश्वर ॥
सोलापूर
११ एप्रिल १९७३

चि. नीलगंगेस,

अप्पाचा आशीर्वाद. प्रवास बरा झाला. तुझ्या आईची तब्येत बरी. विरुपाक्षाशी बोलतो आहे. अक्कलकोटला नाही म्हणून कळविले, त्यांना लवकर करायचे होते.

पोस्टकार्ड लिहिण्यास कारण. आल्यापासून मला झोप लागत नाही. तू आज पाण्यात आहेस की घरी आहेस हे इथे कळायला मार्ग नाही, म्हणून रोजच जागतो. दुकानात डुलक्या येतात.

तरी यंत्र दुरुस्त झाले की कोणत्या रात्री उतरणार ते आधी कळवत जा. त्या रात्री मी जागेन. बाकीच्या रात्री झोपेन.

चनबसप्पा